जागा रिकामी आहे का?

पुसदच्या अनघाताईंच्या घरी संध्याकाळी दिव्याच्या आधी रेडिओ लागतो. हा गाण्यांचा रेडिओ नव्हे. हा हॅम रेडिओ, म्हणजे सरकारी परवाना काढून, हौसेखातर दूरच्या माणसांशी बोलायचा बिनतारी संच. निवृत्त झालेल्या एकट्या बाईनं तिन्हीसांजेला देवापुढं बसावं, तर ह्या कानाला हेडफोन लावून बसतात, म्हणून गल्लीतल्या बायकांनी बरीच वर्षं नाकं मुरडली. पुढं त्यांनाही सवय झाली. आता गच्चीवरची तार वाऱ्यानं सैल पडली तर त्याच बायका येऊन सांगतात.

ती वेळ मोठी फसवी असते. दिवसभर जवळची गावं स्वच्छ ऐकू येतात. ऊन तिरपं झालं की ती एकेक करून विरायला लागतात. दिग्रस जातं, दारव्हा जातं, आणि त्यांच्या जागी कुठून कुठून जावा-सुमात्राकडचे आवाज तरंगत वर येतात. यामागचं शास्त्र अनघाताईंनी कॉलेजात वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं होतं. पण कानांत ते चालू असताना त्यांना फळा आठवत नसे. बोलता बोलता घरातलं माणूस झोपेत जावं आणि रस्त्यावरची बोलणी ऐकू यायला लागावीत, तसं काहीसं वाटायचं.

जवळचे विरण्याआधीचा तेवढा वेळ सदाशिवरावांचा होता.

सदाशिवराव झरी तालुक्यातल्या मुकुटबनचे. सारी उमर तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट करण्यात गेलेला माणूस. तार ऑफिसं बंद पडली, पण यांची बोटं थांबायला तयार नव्हती. घरी स्वतः एक संच जोडला आणि रोज मावळतीला मोर्समध्ये, त्या जुन्या तारेच्या लांब-आखूड टिपऱ्यांमध्ये, पुसदच्या बाईंशी बोलायचं असा नेम धरला. त्यांच्या संचात लहरीची जागा ठरवणारा एकच क्रिस्टल होता, त्यामुळं तो एकाच जागेवरून, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरून बोलायचा. तिथून तिळभर डावीकडं नाही की उजवीकडं नाही. अनघाताई थट्टेनं म्हणायच्या, सदाशिवरावांना हलवायचं तर आधी मुकुटबन हलवावं लागेल.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लिहायला पाटी दिली तर नुसत्या रेघोट्या. दवाखान्यातून घरी आणल्यावर सून दीपा हिनं, बघूया म्हणून, त्यांचा डावा हात मोर्सच्या चावीवर नेऊन ठेवला. थोडा वेळ काही झालं नाही. मग बोट हललं आणि एकामागून एक अक्षरं येऊ लागली, वेडीवाकडी, पण शहाणी. कशी आली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एकदा दीपानं चावीजवळ मोबाइल धरून पाहिला, म्हटलं फोनवरूनच बोला की काकूंशी. म्हाताऱ्यानं मोबाइल हळूच पालथा घातला. त्यांना बोलायचं होतं ते हवेतून, आपल्या जागेवरून. त्या मावळतीखेरीज या माणसाला आता जगाशी बोलायला दुसरी वाट उरली नव्हती.

ही गोष्ट दोन हजार सतराच्या दिवाळीनंतरची. कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली होती, फवारणी करणारी माणसं दवाखान्यात पडत होती, आणि जिल्ह्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. अशा साली हवेतल्या जागेवरून माणसं भांडतात, हे कोणाला सांगितलं तर तो लांबूनच हात जोडील. पण भांडतात. अशी भांडणं मी स्वतः ऐकली आहेत.

तर दिवाळीनंतर सदाशिवराव ऐकू येईनासे झाले. त्यांच्या जागेवर एक शिट्टी येऊन बसली होती. पंधरा सेकंद वाजायची, पंधरा सेकंद गप्प, पुन्हा वाजायची. ना चाल, ना बोल. अनघाताईंनी ती ओळखली. त्या वर्षी हॅम लोकांत एका नव्या डिजिटल मोडचं खूळ आलं होतं. यात संच संगणकाला जोडायचा. संगणक शिट्टीत शब्द भरून पाठवतो, समोरचा संगणक ते उलगडून पडद्यावर दाखवतो. दोन यंत्रं एकमेकांना रामराम करतात आणि माणसं चहा पीत बसतात, हे अनघाताईंचं त्यावरचं मत. त्या डिजिटलवाल्यांनी साऱ्या जगात मिळून पट्ट्यातला जो तुकडा आपला ठरवला, त्यात नेमकी सदाशिवरावांची जागा येत होती. शिट्टी इतकी जोराची होती की ती थांबली तरी पुढची येईपर्यंत अनघाताईंचा संच बहिराच राही; वाजवणारा आसपासचाच असणार.

अनघाताईंनी शिट्टीच्या आड हाका मारून पाहिल्या. उत्तर आलं नाही. मग दीपाचा फोन आला.

"काकू, बाबा तुमच्यावर रुसले का जी?"

"माझ्यावर? काय झालं?"

"रोज चावीवर बसतात. जरासं वाजवतात, मंग कान देऊन ऐकतात, अन् हात मागं घेतात. पुन्हा थोड्या वेळानं तसंच. दिवस बुडाला की हेडफोन काढून ठेवतात. काल जेवले नाहीत. बोलतच नाही म्हटल्यावर माणूस जगन कायच्या भरवशावर?"

अनघाताईंना त्या रात्री नीट झोप आली नाही. राग आला होता तो वेगळाच, पण त्याच्या तळाशी भीती होती. ही एवढी तार तुटली तर सदाशिवराव फार दिवस राहणार नाहीत, हे त्यांना उघड दिसत होतं.

रविवारी सकाळी आपल्या भागातले हॅम ठरल्या ठिकाणी आवाजात गप्पा मारायला जमतात. या जमण्याला ते नेट म्हणतात. दिग्रसचे खेमसिंग त्याचं सूत्र धरतात. दुकानदार माणूस, कोणाला दुखवणार नाही. त्या रविवारी अनघाताईंनी रामरामही न करता विषय काढला.

"मावळतीला आपल्यातलं कोण ती शिट्टी वाजवतं, मला कळेल का?"

जरा खरखर झाली आणि एक तरुण आवाज आला. "मी राळेगावहून राजदीप, मॅडम. मीच करून राह्यलो."

"तुम्हाला शिरस्ता ठाऊक आहे ना? आधी विचारायचं, जागा रिकामी आहे का. कोणी हो-नाही म्हणालं तर तसं वागायचं. हवेचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो म्हणून तर ही रीत आहे."

"ठाऊक आहे जी. आमचा प्रोग्रॅम आधी सारा पट्टा दाखवतो. रिकामी जागा पाहूनच मी पाठवतो."

"अहो, पण त्याला काय बोलणं म्हणतात का? बटण दाबायचं आणि यंत्रानं यंत्राला नमस्कार करायचा."

"मॅडम, माह्याजवळ एवढीशी पॉवर हाय अन् निंबाले बांधलेली एक तार. आवाजात बोलून पाह्यलं, तर यवतमाळचा माणूसबी म्हणे, ऐकू नाही येऊन राह्यलं. त्याच तारेवर मले ब्राझील भेटला." राजदीप आवाज न चढवता पुढं म्हणाला, "अन् तिथं कोणी आडनाव नाही विचारत. परवान्यावरची कॉलसाइन, गाव नकाशात कुठं येते, सिग्नल कसा हाय. झालं. याच नेटवर मी पहिल्यांदा आलो तवा मले आडनाव दोनदा विचारलं होतं."

अनघाताई त्या पहिल्या दिवशीही नेटवर होत्या. राजदीपनं आडनाव सांगितल्यावर नेटवर जी बारीकशी शांतता पसरली होती, तीही त्यांनी ऐकली होती. तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि आता अचानक फार वाटलं. खेमसिंग घसा साफ करत म्हणाले, "दोघाईचंबी बरोबर हाय जी. हवा साऱ्याईची हाय."

"हवा साऱ्यांची आहे, पण त्या जागेवर सदाशिवराव आहेत," अनघाताई म्हणाल्या. आवाज मात्र पहिल्याइतका करडा राहिला नव्हता.

"मले तर कोणी दिसत नाही, मॅडम. खोटं कायले सांगू? दिवस बुडाच्या आधी स्क्रीनवर एक तुटक रेघ येते, ते आमच्या वावरातल्या कुंपणाच्या झटका मशीनची. रानडुकरांसाठी लावली हाय, सोलरवर चालते. सोलरवाले डबे हवेत घाण करतेच. सूर्य गेला की रेघबी जाते. तुमीच या अन् पाहून घ्या."

"येते," अनघाताई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी एसटीत बसल्या.

यवतमाळला गाडी बदलली. राळेगावच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी कपाशीच कपाशी. खिडकीतून ती नेहमीसारखीच पांढरी दिसत होती. जवळून गेल्यावर दिसायचं, की कितीतरी बोंडं उमललीच नव्हती, तशीच मिटून काळी पडली होती. काही वावरांत गुरं सोडली होती. गाडीच्या लयीत अनघाताईंचा डोळा लागत होता. अर्धवट झोपेत त्यांना वाटलं, ही सारी मिटलेली बोंडं काहीतरी सांगायला आली होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. मग कंडक्टरनं राळेगाव म्हटलं आणि त्या दचकून उठल्या.

राजदीप स्टँडवर मोटारसायकल घेऊन आला होता. तिशीतला, किडकिडीत, आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा. भांडायला आलेल्या बाईला मागं बसवून तो इतक्या जपून निघाला की अनघाताईंची भांडणाची अर्धी हौस रस्त्यातच ओसरली. घर गावाच्या टोकाला, मागं लागूनच वावर. अंगणातल्या निंबापासून स्लॅबपर्यंत तार ओढलेली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली टेबलावर संच नि संगणक. राजदीपच्या आईनं, इंदूबाईंनी, पाणी दिलं, चहा ठेवला.

"तुमी त्याले रागवाले आल्या म्हणे," इंदूबाई हसत म्हणाल्या. "रागवा बाई, पन चहा घेऊन रागवा."

चहा झाला. बाहेर ऊन पिवळं पडलं. राजदीपनं पडदा दाखवला. निळ्या पडद्यावर वरून खाली काहीतरी हळूहळू झिरपत होतं. जिथं आवाज असेल तिथं उजळ रेघ, नसेल तिथं नुसती निळाई. अनघाताईंना ते इतकं सुंदर दिसेल असं वाटलं नव्हतं. उभी हयात ज्याला कान दिले, ते पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होतं.

"हा पाहा, हा कोणतरी केरळचा," राजदीप म्हणाला. "थोड्या वेळानं इकून जपान येईन. रोज पाह्यतो, तरी मन नाही भरत. आमच्या बुढ्या बापाले हे दाखवलं होतं. वावरातून यायचा अन् इथं बसून राह्यचा, म्हणे पाऊस पडून राह्यला."

"आवाज कुठं आहे याचा?"

"आवाज मी बंदच ठेवतो. वाचायले आवाज कायले पाह्यजे?"

त्याच वेळी पडद्याच्या एका बाजूला फिकट रेघ उमटली. तुटक होती. जरा लांब, पुन्हा लांब, मग आखूड, मग फार लांब. थोडी आली आणि थांबली.

"हे पाहा, आलं झटका मशीन," राजदीप म्हणाला.

अनघाताई पुढं वाकल्या. निळाईतून रेघ खाली सरकत होती. शेवटचा लांब तुकडा हवा त्यापेक्षा खूपच लांब होता. बोट दाबलं की पटकन उचलता येत नाही, अशा हाताचा. डाव्या हाताचा.

"आवाज वाढवा," त्या म्हणाल्या.

राजदीपनं संचाचं बटण फिरवलं. खोलीत आधी नुसती सूं आली, आणि तिच्यातून, अगदी तळातून, एक बारीक सूर वर आला. लांब, लांब, आखूड, लांब. मोर्समधली तीन अक्षरं आणि मागं प्रश्नचिन्ह. मग शांतता.

"तुमचं सोलर नाही ते," अनघाताई म्हणाल्या. "सदाशिवराव आहेत. विचारतायत."

"काय विचारून राह्यले?"

"जागा रिकामी आहे का?"

राजदीपला एकदम सगळं कळलं नाही. अनघाताईंना मात्र कळलं. शिट्टीनं सदाशिवरावांना नुसतं दाबून टाकलं नव्हतं. ज्या जागेवरून ते इतकी वर्षं बोलले, त्याच जागेवर रोज येऊन, एका लुळ्या माणसाच्या उरलेल्या हातानं, ते आधी परवानगी मागत होते. राजदीपच्या पंधरा सेकंदांच्या गप्पपणात प्रश्न टाकायचे. उत्तरादाखल शिट्टी यायची. म्हणजे जागेवर कोणी आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात बोलायचं नसतं, म्हणून हात मागं घ्यायचे. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे. अनघाताईंच्या हाकाही त्यांनी ऐकल्या असतील. पण शिरस्ता मोडून ओ द्यायला ते काही अनघाताई नव्हते.

"रोज?" राजदीपनं विचारलं.

"दिवाळीपासून रोज."

राजदीप पडद्याकडं वळला. "मी रोज पाह्यत होतो जी," तो म्हणाला. "त्याची जागा सोडून बाजूनंबी पाठवता आलं असतं. मले वाटलं डबा हाय, डब्याले काय विचारायचं."

"मोर्स येतं तुम्हाला?"

"नाही. माह्या परवान्याले त्याची परीक्षा नव्हती."

"मग सरका, मी देते उत्तर. चावी कुठंय?"

"चावी नाही माह्याजवळ." बोलता बोलताच तो उठला. खणातून संचात खुपसायची एक पिन काढली, तिला दोन तारा जोडल्या, त्यांची टोकं दातांनी सोलली आणि पिन संचाच्या मागं खुपसली. दोन्ही तारा त्यानं दोन हातांत धरल्या. "टेकवल्या की आवाज जाईन, सोडल्या की थांबन. पन तुमी नोका देऊ, मॅडम. जागा मी अडवली होती. तुमी सांगा, मी पाठवतो."

बाहेर सूर्य निंबाच्या खाली आला होता. अनघाताईंना घाई झाली होती, कारण मुकुटबन आता कुठल्याही क्षणी विरायला लागणार होतं. पण त्या संचाकडं सरकल्या नाहीत. त्यांनी फक्त बोटानं टेबलावर ताल धरला. "लांब म्हटलं की तीन मोजेपर्यंत टेकवा. आखूड म्हटलं की नुसतं शिवा."

एकच शब्द पाठवायचा ठरला. तुमचीच. राजदीपच्या तारा भलतीकडंच टेकत, एखादं अक्षर मोडे, मग पुन्हा. एवढासा शब्द, पण त्याला घाम फुटला. शेवटचं अक्षर गेल्यावर दोघांनी संचाकडं कान दिले. इंदूबाई दारात पदर धरून उभ्या होत्या.

सूं चालू राहिली. पडदा निळाच सरकत राहिला.

मग रेघ आली. पहिल्याहून फिकट, पण लांब, न थांबणारी. अनघाताई अक्षरं जोडत गेल्या. "म्हणतायत, आभार. म्हणतायत, सिग्नल चांगला आहे." आणि पुढं त्या अडखळल्या. "विचारतायत, नाव काय."

राजदीपनं मान खाली घातली. मग एकेक अक्षर विचारून नाव पाठवलं. राजदीप. एवढंच. आणि तारा हातात धरून थांबला. कशाची वाट पाहत थांबला ते अनघाताईंना ठाऊक होतं. सदाशिवराव जुन्या वळणाचे. पलीकडून काय येईल याचा भरवसा त्यांनाही देता आला नसता.

रेघ फार पुसट झाली होती. पडद्यावर आता डोळ्यांनी दिसत नव्हती, कानालाच काय ती कळत होती. अनघाताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"हात... नवा... दिसतो," त्यांनी वाचलं. मग बराच वेळ काही नाही. मग तळातून, जवळजवळ स्वप्नातून आल्यासारखं, "रोज या."

पुढं काही आलं असेल तर ते गेलं. मुकुटबन मावळलं. पडद्यावर पूर्वेकडच्या रेघा एकेक करून उजळू लागल्या, जपान, जावा, आणखी कुठली बेटं. राजदीपनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. तो हातातल्या दोन तारांकडं बघत होता.

"आडनाव नाही विचारलं," तो म्हणाला.

"नाही विचारलं," अनघाताई म्हणाल्या.

इंदूबाईंनी त्यांना त्या दिवशी जाऊ दिलं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं त्या निघाल्या आणि दुपार कलताना पुसदला पोचल्या. गच्चीवर वाळवण होतं, दारात दूधवाल्याची पिशवी होती, त्यांनी कशाकडंच पाहिलं नाही. ऊन तिरपं व्हायच्या आधी हेडफोन चढवून बसल्या. शिट्टी नव्हती. जागा कोरी होती. चावीवर त्यांनी बोट तयार ठेवलं. किती काय काय सांगायचं होतं, दिवाळीपासूनचं सगळं साचलं होतं.

ऊन पिवळं झालं आणि तो सूर आला. लांब, लांब, आखूड, फार लांब. जागा रिकामी आहे का?

अनघाताईंचं बोट चावीवर टेकणार, एवढ्यात दुसराच कोणी बोलू लागला. मोडकातोडका, अक्षरं चुकणारा, मधेच अडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा. दोन तारा दोन हातांत धरून कोणीतरी राळेगावहून सांगत होतं, तुमचीच आहे.

अनघाताईंनी बोट मागं घेतलं. जागेवर आता दोघं बोलत होते, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात बोलायचं नसतं. त्यांनी खुर्ची खिडकीकडं ओढली, आवाज थोडा वाढवला, आणि आपली पाळी येईपर्यंत ऐकत बसल्या.